लिंकनचा पक्ष, बाबासाहेबांचा पक्ष आणि पिंपरीचा मतदार : जात, गरिबी आणि पक्षनिष्ठा यांचा इतिहास

१/२४
गुलामगिरी संपवणाऱ्या अब्राहम लिंकनचा पक्ष रिपब्लिकन. आज मात्र अमेरिकेतील कृष्णवर्णीय मतदारांची बहुतांश मते डेमोक्रॅटिक पक्षाला जातात. हे स्थलांतर वंशाच्या प्रश्नामुळे झाले की गरिबीच्या, यावर तिकडे अजून वाद झडतात. महाराष्ट्रात या वादाचे सख्खे भावंड आहे : दलित मतदाराचा प्रश्न जातीचा की पोटाचा, आणि त्यानुसार त्याचा पक्ष कोणता? या प्रश्नाचा पिंपरी-चिंचवड ते चाकण या कारखानदारीच्या पट्ट्यातून घेतलेला हा मागोवा.

२/२४
आरंभ देहूरोडपासून करणे योग्य. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची येथे प्रतिष्ठापना केली. नागपूरच्या धर्मांतराला तेव्हा जवळपास दोन वर्षांचा अवकाश होता. देहूरोड ही लष्करी डेपोंची वसाहत. गावगाड्यात वतनाच्या कामाला जुंपलेल्या माणसाला येथे रोख पगार मिळत होता आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे कामाचा हुद्दा लिहिला जात होता. जातीतून सुटण्याची एक वाट धर्माची आणि दुसरी नोकरीची. या ठिकाणी त्या दोन्ही वाटा एकत्र आल्या.

३/२४
त्याच १९५४ साली, तेथून काही मैलांवर पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. पुढच्या वर्षी पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले आणि साठच्या दशकात आकुर्डी-चिंचवड परिसरात वाहन उद्योग रुजला. १९७० मध्ये नगरपालिका, १९८२ मध्ये महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सव्वासतरा लाखांवर पोहोचली होती. गावांची शेते गेली आणि त्यांवर सगळ्या महाराष्ट्रातून आलेल्या माणसांचे शहर उभे राहिले.

४/२४
अमेरिकेतील पक्षबदलही अशाच कारखान्यांच्या शहरांत घडला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लाखो कृष्णवर्णीय दक्षिणेतील कापसाची शेते सोडून शिकागो, डेट्रॉइट, पिट्सबर्ग येथे आले. दक्षिणेत त्यांचा मताधिकार नाना क्लृप्त्यांनी हिरावलेला होता. उत्तरेत त्यांना मत देता येत होते. गावी नसलेला मतदार शहरात निर्माण झाला. आरंभी हा मतदार लिंकनच्या ऋणापोटी रिपब्लिकनच राहिला.

५/२४
१९२९ च्या मंदीने ते ऋण जड केले. १९३२ मध्ये ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे संपादक रॉबर्ट व्हॅन यांनी आवाहन केले की, लिंकनचे चित्र आता भिंतीकडे तोंड करून ठेवा, कर्ज फिटले आहे. १९३४ मध्ये शिकागोतून आर्थर मिचेल हे काँग्रेसवर निवडून गेलेले पहिले कृष्णवर्णीय डेमोक्रॅट ठरले. १९३६ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांना कृष्णवर्णीयांची सुमारे सत्तर टक्के मते मिळाली.

६/२४
या मतांना वंशन्यायाचा कौल म्हणणे कठीण आहे. रूझवेल्टच्या पक्षात दक्षिणेचे कट्टर वंशवादी नेते होते. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर व घरकामगार वगळण्यात आले, आणि कृष्णवर्णीय श्रमिकांचा मोठा हिस्सा नेमका याच दोन कामांत होता. कायद्यात वंशाचा शब्दही नव्हता. कामाच्या प्रकारावरून माणसे वगळली गेली. तरीही मते गेली, कारण सरकारी मदतकामावर रोजगार मिळत होता. पोटाच्या प्रश्नाने माणसे एका पक्षात आली आणि वंशाचा प्रश्न त्या पक्षाच्या आत धुमसत राहिला.

७/२४
योगायोग असा की, त्याच १९३६ च्या १५ ऑगस्टला बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. नावात जात नाही, अस्पृश्य हा शब्द नाही. आहे तो मजूर. कोकणातील खोती नष्ट करणे, कामगारांचे हक्क, शेतकऱ्यांची सावकारी पाशातून सुटका असा त्याचा कार्यक्रम होता. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात पक्षाने १७ उमेदवार उभे केले आणि १४ निवडून आले. त्यांपैकी काही खुल्या जागांवरचे होते.

८/२४
मजूर म्हणून एक होण्यात अडचण काय होती, हे मुंबईच्या गिरण्यांनी आधीच दाखवले होते. विणकाम खात्यात पगार जास्त. पण धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला तेथे मज्जाव होता. बंदी मालकाच्या नियमातून आलेली नव्हती, ती सोबतच्या कामगारांच्या विटाळातून आली होती. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. कमी पगाराचे कारण येथे जातच होते. गरिबी आणि अस्पृश्यता वेगळ्या काढता येत नव्हत्या.

९/२४
फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे अस्पृश्य कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. दोन्हींशी एकदम लढायचे, असा त्याचा अर्थ. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध झालेल्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उतरले. जात आणि वर्ग यांची सांगड घालणारे राजकारण महाराष्ट्रात शक्य आहे, असे त्या काळात दिसले होते.

१०/२४
ती सांगड का सुटली? १९४२ मध्ये क्रिप्स शिष्टमंडळ आले. सत्तांतराच्या वाटाघाटींत ब्रिटिशांनी हिंदू, मुस्लिम, शीख असे समाजगट धरले होते. मजुरांच्या पक्षाला त्या मांडणीत जागा नव्हती. अस्पृश्यांचा आवाज ऐकू जायचा तर तो अस्पृश्यांचा म्हणूनच मांडणे भाग होते. जुलै १९४२ मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. मजूर हे नाव मागे पडले आणि जातींची अनुसूची नावात आली.

११/२४
या घडामोडींच्या मुळाशी एक करार आहे, आणि तो पिंपरीपासून फार दूर झालेला नाही. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवडा तुरुंगात पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, राखीव जागा वाढून १४८ झाल्या. पण त्या जागांवरचा उमेदवार सर्व मतदारांनी मिळून निवडायचा ठरले. उमेदवार अस्पृश्य असेल, मात्र त्याला निवडून देणारे बहुसंख्य मतदार अस्पृश्य नसतील. पुढच्या नव्वद वर्षांच्या पक्षबदलांची किल्ली या तरतुदीत सापडते.

१२/२४
आकड्यांत पाहू. महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे १२ टक्के. अमेरिकेत कृष्णवर्णीयांचे प्रमाणही साधारण १२-१३ टक्के. परंतु अमेरिकेतील हा समाज शहरांच्या विशिष्ट भागांत एकवटलेला आहे. १९६५ च्या मताधिकार कायद्यानंतर, विशेषतः १९८२ च्या दुरुस्तीनंतर, त्यांचे बहुमत असलेले मतदारसंघही आखले गेले. महाराष्ट्रातील दलित समाज मात्र गावोगावी विखुरलेला आहे. स्वतःच्या बळावर निवडून येणे त्यामुळे जवळपास अशक्य, आणि सोबती शोधणे अटळ ठरते.

१३/२४
सोबती निवडायचा तर कोणत्या नात्याने? गरीब म्हणून निवडला तर तो डावा पक्ष, कुळे, शेतमजूर. जातीने गांजलेला म्हणून निवडला तर इतर मागास व अल्पसंख्य. सत्तेत वाटा मिळावा म्हणून निवडला तर जो सत्तेवर असेल तो. १९५६ मध्ये बाबासाहेबांनी फेडरेशन विसर्जित करून सर्वांना खुला असा रिपब्लिकन पक्ष काढण्याचे ठरवले, पण ६ डिसेंबरला त्यांचे निधन झाले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी पक्ष स्थापन झाला, तेव्हा हा निर्णय घेणारा माणूस हयात नव्हता.

१४/२४
पहिली फूट याच प्रश्नावर पडली. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला आणि हजारो लोक तुरुंगात गेले. बी. सी. कांबळे यांच्यासारख्या शिक्षित पुढाऱ्यांना ही वाट कम्युनिस्टांकडे जाणारी वाटली. त्यांनी ‘दुरुस्त’ रिपब्लिकन पक्ष काढला. धोतरवाले विरुद्ध सूटबूटवाले अशी तिची त्या काळी संभावना झाली. वाद मात्र गंभीर होता : दलितांचा प्रश्न जमिनीने सुटेल, की घटनेने दिलेल्या शिक्षण व नोकरीच्या हक्कांनी?

१५/२४
पुढे गायकवाड गटाने यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसशी समझोता केला. पक्षाच्या निष्क्रियतेने संतापलेल्या तरुणांनी १९७२ मध्ये दलित पँथर काढली. हे नाव ओकलंडच्या ब्लॅक पँथर पार्टीवरून घेतलेले होते. १९७३ च्या जाहीरनाम्यात दलित या शब्दात कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी आणि स्त्रियाही सामावल्या होत्या. नामदेव ढसाळांची ही मांडणी राजा ढाले यांना मार्क्सवादी वाटली. त्यांचा भर बुद्ध आणि आंबेडकर यांच्यावर होता. १९७४ मध्ये पँथर फुटली. पंधरा वर्षांपूर्वीचाच वाद नव्या पिढीत परतला.

१६/२४
याच वर्षांत पिंपरी-चिंचवड भरत होते. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा, सोलापूर, नगरकडची कुटुंबे या पट्ट्यात आली. १९७८ च्या जुलैत मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, आणि अनेकांनी गाव सोडले. दुष्काळाने आलेला गरीब आणि दंगलीने आलेला दलित एकाच झोपडपट्टीत, एकाच नळावर शेजारी झाले. गावातील वेशीचे अंतर येथे पत्र्याच्या भिंतीइतके उरले, तरी ते पूर्ण मिटले नाही.

१७/२४
कारखान्यांच्या फाटकावर दुसरी विभागणी होती. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सरकारी, म्हणून तेथे आरक्षण लागू. शेजारच्या खासगी कारखान्यांना आरक्षणाचे बंधन नव्हते आणि आजही नाही. खासगी नोकरीची वाट बहुधा आयटीआयचे प्रमाणपत्र आणि आत असलेल्या नातलगाची किंवा गाववाल्याची ओळख यांतून जाते. ज्यांचे कोणी आधी आत गेले नव्हते, त्यांना ओळख कोठून येणार? नव्वदच्या दशकात सरकारी कारखाना आजारी उद्योगांत जमा झाला. खासगी उद्योग वाढत असतानाच आरक्षणाचे दार असे आपोआप अरुंद झाले.

१८/२४
नव्वदनंतर कामाचे स्वरूपही पालटले. चाकणला १९९९ नंतर दुचाकींचे आणि पुढच्या दशकात जर्मन व भारतीय मोटारींचे मोठे कारखाने आले. पण कायम कामगाराची जागा प्रशिक्षणार्थी आणि कंत्राटी कामगार घेऊ लागला. सलग २४० दिवसांच्या सेवेला कायद्यात महत्त्व असल्याने सात महिन्यांत खंड देण्याची रीत औद्योगिक पट्ट्यांत सर्वश्रुत आहे. १९३५ च्या अमेरिकन कायद्याने कामाच्या प्रकारावरून माणसे वगळली होती. येथे कामाच्या मुदतीवरून वगळली जाऊ लागली.

१९/२४
या पालटाचा धक्का केवळ दलितांना बसला नाही. चाकण, खेड, मावळ भागांत जमिनी गेल्या त्या मुख्यतः मराठा शेतकऱ्यांच्या. काहींनी त्या पैशावर इमले उभे केले; अल्पभूधारकाच्या मुलाच्या वाट्याला कंत्राटी काम आले. आरक्षणामुळे आपल्या नोकऱ्या गेल्या अशी भावना त्याच्या मनात रुजत गेली. ज्या कारखान्यात तो काम करत होता, तेथे मुळात आरक्षण लागूच नव्हते. दोन समाजांच्या रागाचे मूळ एका जागी होते आणि बोट दुसरीकडे दाखवले जात होते.

२०/२४
२०१८ साली हा ताण उघडा पडला. १ जानेवारीला कोरेगाव भीमा येथे हिंसाचार झाला आणि दोन दिवसांनी महाराष्ट्र बंद पाळला गेला. ३० जुलैला मराठा आरक्षणाच्या बंदला चाकणमध्ये हिंसक वळण लागून बसगाड्या जळाल्या. दोन्ही ठिकाणे याच औद्योगिक पट्ट्याच्या परिघातली. नोव्हेंबरात मराठा समाजासाठी १६ टक्के आरक्षणाचा कायदा झाला. मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. २०२४ मध्ये १० टक्क्यांचा नवा कायदा आला.

२१/२४
दरम्यान जात की गरिबी हा वाद घटनेतच शिरला. जानेवारी २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिक दुर्बलांना १० टक्के आरक्षण दिले, पण त्यातून अनुसूचित जाती-जमाती व इतर मागासवर्गातील गरीब वगळले. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ते वैध ठरवले. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशातील वंशाधारित प्राधान्य रद्द केले. सात-आठ महिन्यांच्या अंतराने दोन्ही देशांत गरिबी आणि जन्म या निकषांची फेरमांडणी झाली.

२२/२४
आता पक्षांकडे वळू. १९९८ मध्ये एकत्र आलेल्या रिपब्लिकन गटांनी काँग्रेसच्या साथीने लोकसभेच्या चार जागा जिंकल्या : प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले. चारही जागा खुल्या होत्या. ऐक्य टिकले नाही. नामदेव ढसाळ शिवसेनेच्या जवळ गेले. आठवले २०११ मध्ये शिवसेना-भाजप युतीत आले आणि २०१६ मध्ये केंद्रात राज्यमंत्री झाले. प्रकाश आंबेडकरांनी २०१८ मध्ये वंचित बहुजन आघाडीची स्वतंत्र वाट धरली.

२३/२४
पिंपरी मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. २००९ मध्ये राष्ट्रवादीचे अण्णा बनसोडे भाजपविरुद्ध जिंकले. २०१४ मध्ये शिवसेनेचे गौतम चाबुकस्वार, तर रिपब्लिकन (आठवले) उमेदवार तिसऱ्या स्थानी. २०१९ मध्ये पुन्हा बनसोडे, आणि २०२४ मध्ये तेच, त्याच घड्याळावर, पण भाजपच्या मित्रपक्षाचे म्हणून. शेजारच्या चिंचवडचे लक्ष्मण जगताप २००९ ला अपक्ष, २०१४ च्या लोकसभेला शेकाप आणि त्याच वर्षी विधानसभेला भाजप असे लढले. महापालिकेत २०१२ ला ३ जागा असलेला भाजप २०१७ ला १२८ पैकी ७७ वर गेला.

२४/२४
अमेरिकेत पक्षांची नावे दोनच राहिली आणि मतदार त्यांच्यामधून पलीकडे गेले. महाराष्ट्रात उलट घडले : मतदाराची आंबेडकरी ओळख टिकली, पक्ष, चिन्हे आणि सोबती बदलत गेले. तिकडे लिंकनचे चित्र भिंतीकडे वळवले गेले, इकडे प्रत्येक पक्षाने बाबासाहेबांचे चित्र आपल्या फलकावर घेतले. १४ एप्रिलला पिंपरी चौकातील पुतळ्याभोवती सगळ्यांचे फलक लागतात. त्यांतील कोणता पक्ष विटाळ आणि कंत्राट या दोन्हींना एकाच वेळी हात घालतो, ही १९३८ च्या मनमाडची कसोटी त्या गर्दीतल्या कामगाराच्या हाती आजही आहे.